शेवटचे मांजर आणि पहिली वॉलबी : डर्क हार्टॉग बेटाच्या चारशे वर्षांच्या नोंदी

२५ ऑक्टोबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या एका बेटाने आपल्या पहिल्या लिखित नोंदीची चारशे वर्षे पूर्ण केली. त्याच महिन्यात त्या बेटावर रानटी मांजराची शेवटची खूण आढळली. पहिल्या घटनेचा गाजावाजा झाला. दुसरी घटना त्या वेळी कोणालाही कळली नाही, आणि कळणे शक्यही नव्हते. ती खूण शेवटची होती, हे समजायला आणखी दोन वर्षे जावी लागली.

आजचा धागा त्या दोन वर्षांविषयी आहे. त्यांच्या आधीच्या चारशे वर्षांविषयी आणि नंतर त्या बेटावर परतलेल्या एका लहानशा प्राण्याविषयीही आहे. इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला छळणारा एक प्रश्न त्यात दडलेला आहे. एखादी गोष्ट होती, हे दाखवायला एक अस्सल पुरावा पुरतो. एखादी गोष्ट आता नाही, हे कशाने दाखवायचे?

बेटाचे नाव डर्क हार्टॉग. पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारे ८०० किलोमीटरवर शार्क बे नावाचा उथळ उपसागर आहे, त्याच्या तोंडाशी हे बेट आडवे पसरले आहे. लांबी जवळपास ८० किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ६३० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून किंचित मोठे. वाळूच्या टेकड्या, काटेरी झुडपे, पश्चिमेला उभे कडे. या प्रदेशाचे मूळ रहिवासी मालगाना लोक. त्यांच्या भाषेत बेटाचे नाव विरुवाना. युरोपियांच्या नकाशावर ते उमटण्याच्या हजारो वर्षे आधीपासून या किनाऱ्यावर माणसांचा वावर होता, हे आत्ताच लक्षात ठेवू. पुढे त्याची गरज पडणार आहे.

१६१६ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘एंड्राख्त’ नावाचे जहाज जावा बेटावरील बांटमकडे निघाले होते. ही तीच कंपनी, जिने पुढे १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली. हेंड्रिक ब्राउवर या कप्तानाने १६११ मध्ये एक नवा मार्ग दाखवून दिला होता. आफ्रिकेचे टोक ओलांडल्यावर लगेच उत्तरेकडे वळायचे नाही. दक्षिणेकडील जोरदार पश्चिमी वारे पकडून सरळ पूर्वेकडे जायचे आणि मगच उत्तरेला वळायचे. वेळ निम्म्यावर येई. पण वळायचे नेमके कुठे? रेखांश अचूक मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. वळण चुकले की जहाज थेट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर. एंड्राख्तचे तेच झाले.

कप्तान डर्क हार्टॉगने बेटाच्या उत्तर टोकावर एक खांब रोवला आणि त्यावर कथिलाची चपटी केलेली थाळी ठोकली. जहाजाचे नाव, प्रमुख व्यापाऱ्याचे नाव, कप्तानाचे नाव, येण्याची तारीख आणि २७ ऑक्टोबरला पुढे निघाल्याची तारीख, असा थोडका मजकूर. ऑस्ट्रेलियात युरोपियांनी मागे ठेवलेली, आजवर टिकलेली ही सर्वांत जुनी वस्तू. त्या भूशिराला आज केप इन्स्क्रिप्शन, म्हणजे लेखाचे भूशिर, असेच म्हणतात.

थाळीवर प्राण्याचा एकही उल्लेख नाही. तिथे काय दिसले, काय चरत होते, काहीच नाही. व्यापारी कंपनीच्या नोकराला त्यात काय रस असणार?

या थाळीचा पुढचा प्रवास एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. १६९७ मध्ये विलेम डी व्लामिंग हा दुसरा डच कप्तान तिथे पोहोचला. खांब कुजला होता, थाळी शाबूत होती. त्याने जुना मजकूर नव्या थाळीवर उतरवला, खाली स्वतःची नोंद जोडली, नवी थाळी तिथे लावली आणि जुनी सोबत नेली. ती आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. १८०१ मध्ये फ्रेंच खलाशांना व्लामिंगची थाळी वाळूत पडलेली सापडली. त्यांच्या कप्तानाने ती पुन्हा खांबावर लावायला लावली. लुई दे फ्रेसिने या तरुण अधिकाऱ्याला हे मुळीच पटले नाही. सतरा वर्षांनी, १८१८ मध्ये, तो स्वतःच्या ‘युरानी’ जहाजातून परत आला आणि थाळी काढून घेऊन गेला. १८२० मध्ये युरानी फॉकलंड बेटांपाशी फुटले. थाळी वाचली, पॅरिसला पोहोचली आणि तिथे चक्क हरवली. १९४० मध्ये ती सापडली आणि १९४७ मध्ये फ्रान्सने ती ऑस्ट्रेलियाला दिली.

याच बेटावर १७७२ मध्ये सँ-अलुआर्न या फ्रेंच कप्तानाने आपल्या राजाच्या नावाने ताबा जाहीर करून बाटली पुरली होती. १९९८ मध्ये उत्खननात बाटली आणि फ्रेंच नाणे खरोखरच हाती आले. थोडक्यात, कोण आले, कधी आले आणि कोणाच्या नावाने आले, याच्या नोंदी या बेटावर भरपूर आहेत. बेटावर काय राहत होते, याविषयी मात्र कागद फार कमी बोलतात.

पहिला बोलका साक्षीदार इंग्रज आहे. विल्यम डॅम्पियर, अर्धा चाचा आणि अर्धा निसर्गनिरीक्षक, ऑगस्ट १६९९ मध्ये इथे उतरला. शार्क बे हे नाव त्याचेच. त्याने एका लहान प्राण्याचे वर्णन केले आहे. त्याला तो अमेरिकेतील रॅकूनसारखा वाटला, पण पुढचे पाय अगदी आखूड आणि चाल उड्यांची. मांस चविष्ट होते, हेही त्याने आवर्जून नोंदवले. हा प्राणी म्हणजे पट्टेरी ससा-वॉलबी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र डॅम्पियरवर डोळे झाकून विसंबता येत नाही. याच ठिकाणी पकडलेल्या एका शार्कच्या पोटात पाणघोड्याचे डोके सापडल्याचेही तो लिहितो. ते बहुधा डुगाँग या समुद्रगायीचे असावे. पाणघोडे ऑस्ट्रेलियात कधीच नव्हते.

साक्षीदार जे पाहतो ते आपल्या ओळखीच्या चौकटीत बसवतो, याचे आणखी नामी उदाहरण थोडे दक्षिणेला, अब्रोल्होस बेटांवर घडले. १६२९ मध्ये ‘बटाविया’ हे डच जहाज तिथे फुटले. त्याचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट. होय, तोच पेल्सार्ट. कंपनीचा आग्र्यातील व्यापारी आणि जहांगीरकालीन हिंदुस्थानावरील सुप्रसिद्ध वृत्तांताचा लेखक. मुघल अंमलदारांची लूट आणि रयतेचे दारिद्र्य बारकाईने टिपणारा हा माणूस अब्रोल्होसवर वॉलबीचे वर्णन करताना तितकाच बारकाईने पाहतो. मादीच्या पोटाला पिशवी आहे, आत स्तन आहेत आणि स्तनाग्राला चिकटलेले शेंगदाण्याएवढे पिलू आहे, हे सगळे त्याने पाहिले. निष्कर्ष काढला तो असा की पिलू स्तनाग्रातूनच उगवत असावे. निरीक्षण अचूक, निष्कर्ष चुकीचा. आग्र्याचा वृत्तांत वाचतानाही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पिशवीत पिलू वाढवणाऱ्या या प्राण्यांना मराठीत शिशुधानी प्राणी म्हणता येईल. कांगारू त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. आपल्या कथेतील पट्टेरी ससा-वॉलबी त्याचीच दूरची नातेवाईक, पण वजन जेमतेम दीड-पावणेदोन किलो. पाठीवर गडद आडवे पट्टे. दिवसभर झुडपांच्या जाळीत दडून बसते आणि रात्री चरायला निघते. तिच्या जोडीला तांबूस ससा-वॉलबी, जिला मध्य ऑस्ट्रेलियात ‘माला’ म्हणतात. फ्रेंच निसर्गअभ्यासक पेरॉन आणि लेस्युअर यांनी १८०७ मध्ये पट्टेरी वॉलबीला शास्त्रीय नाव दिले. फ्रेसिनेच्या युरानीवरील डॉक्टर क्वा आणि गेमार यांनी शार्क बेमधील आणखी दोन शिशुधानी प्राण्यांचे वर्णन १८२४ मध्ये छापले. थाळी पळवणाऱ्या जहाजाने प्राण्यांच्या नोंदीही केल्या, हे त्याचे पुण्यच म्हणायचे.

आता मूळ अडचण अशी. आज या बेटावर जो प्रकल्प चालू आहे, त्याचे नाव आहे ‘१६१६ कडे परत’. म्हणजे डर्क हार्टॉग उतरला त्या दिवशी इथे जे प्राणी होते, ते पुन्हा इथे आणायचे. पण त्या दिवशी कोणते प्राणी होते हे सांगणार कोण? हार्टॉगची थाळी गप्प आहे आणि डॅम्पियर एकाच सस्तन प्राण्याविषयी बोलतो.

उत्तर घुबडांनी लिहून ठेवले होते. घुबड शिकार सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांचा गोळा करून ओकते. कपारींत आणि गुहांत पिढ्यान् पिढ्या बसणाऱ्या घुबडांखाली अशा हाडांचे थर साचतात. वाळूच्या टेकड्यांतही हाडे उघडी पडतात. अलेक्झांडर बेन्स या जीवाश्मतज्ज्ञाने शार्क बेच्या सस्तन प्राण्यांवर जे दीर्घ काम केले, ते मुख्यतः अशा हाडांवर उभे आहे. दातांच्या ठेवणीवरून जात ओळखायची आणि यादी तयार करायची. अशा यादीतून निष्पन्न झाले की या एका बेटावरून सस्तन प्राण्यांच्या दहा जाती नाहीशा झाल्या आहेत. ‘१६१६’ हा आकडा थाळीवरून आला, यादी मात्र हाडांवरून आली.

प्राणी नाहीसे कशाने झाले? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेट मेंढपाळीसाठी भाडेपट्ट्याने दिले गेले. मेंढ्या आल्या, त्यांच्या मागोमाग शेळ्या आल्या आणि माणसांसोबत मांजरे आली. मेंढ्या-शेळ्यांनी आडोसा खाल्ला आणि आडोसा गेल्यावर उरलेले काम मांजरांनी केले. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरही हेच घडले, तिथे कोल्ह्यांची भर पडली एवढेच. तिथल्या संशोधकांनी १९८९ मध्ये एक विदारक हिशेब मांडला. नाश झाला तो मुख्यतः ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो या वजनाच्या प्राण्यांचा. त्याहून लहान प्राणी बिळात निभावले आणि मोठे पळून वाचले. मधले मांजराच्या आणि कोल्ह्याच्या तोंडी बरोबर मापाचे निघाले. युरोपीय वसाहतीनंतर ऑस्ट्रेलियाने सस्तन प्राण्यांच्या तीसहून अधिक जाती कायमच्या गमावल्या आहेत.

पट्टेरी वॉलबी मात्र पूर्णपणे संपली नाही. डर्क हार्टॉगच्या उत्तरेला बर्नियर आणि डोर अशी दोन अरुंद, ओसाड बेटे आहेत. तिथे मांजर टिकले नाही आणि कोल्हा पोहोचला नाही. म्हणून पट्टेरी वॉलबीची शेवटची नैसर्गिक वस्ती या दोन बेटांवर उरली.

इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वन्यजीवांच्या लेखनात या दोन बेटांना ‘आश्रयस्थान’, ‘नोहाची नौका’ अशी गोड विशेषणे मिळतात. १९०८ ते १९१९ या काळात सरकारने याच बेटांवर आदिवासी माणसांना कोंडले होते. गुप्तरोगाचा संशय हे निमित्त होते आणि तपासणी बहुधा नावालाच होती. दूरदूरच्या प्रदेशांतून अनेकांना साखळदंड घालून आणले गेले. पुरुष बर्नियरवर, स्त्रिया डोरवर. कितीतरी जण तिथेच मेले आणि आपल्या भूमीकडे परतलेच नाहीत. समोरच्या किनाऱ्यावर कार्नार्व्हन गावात आज त्यांचे स्मारक आहे. ज्या एकाकीपणाने वॉलबी वाचल्या, त्याच एकाकीपणाचा तुरुंग म्हणून उपयोग झाला. बेटांचा इतिहास लिहायचा तर दोन्ही नोंदी एकाच पानावर याव्या लागतील.

डर्क हार्टॉगवर वॉलबी परत आणण्याचा एक प्रयत्न १९७०च्या दशकात झाला होता. मेंढ्या होत्या, मांजरेही होती. प्रयत्न फसला. त्यातून धडा मिळाला की आधी घर मोकळे करायचे आणि मग पाहुणे बोलवायचे.

२००९ मध्ये बेटाचा बहुतांश भाग राष्ट्रीय उद्यान झाला. पैसा आला तो बॅरो बेटावरील गॉर्गन वायू प्रकल्पाच्या भरपाई निधीतून. बॅरो बेट हे स्वतःच दुर्मीळ शिशुधानी प्राण्यांचे माहेरघर. एका बेटावर खणण्याची किंमत दुसऱ्या बेटावर फेडायची, असा हा व्यवहार. त्याने मनाला पूर्ण समाधान होत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचे काही घडले नसते हेही खरे.

आधी ५,००० हून अधिक मेंढ्या आणि ११,००० हून अधिक शेळ्या हटवल्या गेल्या. शेवटच्या शेळ्या सापडेनात, तेव्हा जुनी युक्ती वापरली. एका शेळीच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून तिला मोकळे सोडायचे. शेळी एकटी राहत नाही, ती कळप शोधते. तिच्यामागून शिकारी पोहोचतात. अशा शेळीला नाव आहे ‘जुडास’, येशूचा विश्वासघात करणाऱ्या शिष्याचे.

मांजर या युक्तीला बधत नाही, कारण ते एकटेच फिरते. २०१४ मध्ये बेटाच्या आरपार सुमारे १३ किलोमीटरचे कुंपण घालून बेटाचे दोन भाग केले. आधी दक्षिण भाग आणि मग उत्तर भाग, असा क्रम ठरला. विमानातून विषारी आमिषे टाकली. त्यातील विष, १०८०, ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागातील काही रानझुडपांत निसर्गतःच असते. त्यामुळे तिथल्या अनेक देशी प्राण्यांना ते बऱ्यापैकी पचते, परक्या मांजराला मात्र पचत नाही. आमिषाला न भुलणारी मांजरे एकेक करून सापळ्यात पकडावी लागली. आपल्यापैकी काहींना हा भाग वाचवणार नाही. वाचवू नये हेही स्वाभाविक आहे. पण मांजर ठेवून वॉलबी आणता येत नाही, हे १९७०च्या दशकाने दाखवून दिले होते.

आणि मग ऑक्टोबर २०१६. शेवटची खूण. पुढे शांतता.

शांततेचा अर्थ लावणे हीच खरी कसोटी. मांजर दिसत नाही, याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, मांजर नाही. दोन, आपण नीट पाहत नाही. शेकडो चौरस किलोमीटर झुडपांत एखादी गाभण मांजरी उरली असेल, तर काही वर्षांत सगळे मुसळ केरात. म्हणून पाहण्याची पद्धतच तपासावी लागते. बेटभर आखलेल्या वाटा, वाळूत उमटणारे पंजे, हालचाल होताच छायाचित्र टिपणारे स्वयंचलित कॅमेरे आणि शेवटी मांजराचा वास ओळखणारी प्रशिक्षित कुत्री. इतक्या चाळणीतून एक मांजर निसटण्याची शक्यता किती, याचे गणित मांडायचे आणि ती शक्यता नगण्य होईपर्यंत पाहत राहायचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये बेट मांजरमुक्त जाहीर झाले. इतक्या मोठ्या बेटावर हे त्याआधी जगात कुठेही साधले नव्हते.

इतिहासकाराला हा हिशेब ओळखीचा वाटेल. समकालीन कागदांत एखाद्या घटनेचा उल्लेख नाही, म्हणून ती घडलीच नाही, असे म्हणण्यापूर्वी आपणही विचारतो की घडली असती तर या कागदात ती यायला हवी होती का? हार्टॉगच्या थाळीवर वॉलबी नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या थाळीवर वॉलबी येण्याचे कारणच नव्हते. दोन वर्षांच्या कॅमेऱ्यांत मांजर नाही, यावरून मात्र बरेच सिद्ध होते, कारण ते कॅमेरे मांजरासाठीच लावलेले होते.

तरीही सावध राहायला लावणारे एक उदाहरण याच कथेत आहे. डिब्लर नावाचा शंभर ग्रॅमच्या आतबाहेरचा एक शिशुधानी प्राणी, टोकदार नाकाचा आणि डोळ्यांभोवती पांढरे वलय असलेला. अनेक दशके कोणाला दिसला नाही. नामशेष झाला असावा अशी समजूत पक्की होत चालली होती. १९६७ मध्ये फुलांवर येणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी लावलेल्या सापळ्यात तो अचानक सापडला. पुढे १९८०च्या दशकात जुरियन बेजवळच्या चिमुकल्या बेटांवरही त्याची वस्ती आढळली. डिब्लर सारा काळ तिथेच होता. पाहणारे चुकीच्या जागी पाहत होते. पुढे त्याच बेटांवरच्या डिब्लरांपासून पर्थच्या प्राणिसंग्रहालयात पैदास झाली आणि २०१९ मध्ये डिब्लर डर्क हार्टॉगवरही सोडले गेले.

वॉलबीच्या पुनरागमनाची सुरुवात त्याआधी, ऑगस्ट २०१७ मध्ये, चाचणी म्हणून झाली. पट्टेरी १२ आणि तांबूस १२. बर्नियर-डोरवर रात्रीच्या अंधारात त्यांना पकडायचे, हेलिकॉप्टरने न्यायचे आणि सोडायचे. ऐकायला सोपे आहे. पण वॉलबी पकडली जाण्याच्या धसक्यानेच मरू शकते. घाबरून केलेल्या धडपडीत तिचे स्नायूच निकामी होतात. त्यामुळे पकडल्यापासून सोडेपर्यंत तिला काळोखात, कापडी पिशवीत, शांत ठेवावे लागते. पोटच्या पिशवीसारखीच दुसरी पिशवी! चाचणी जमली आणि २०१८ मध्ये आणखी १४० वॉलबी आल्या. पट्टेरी ९०, तांबूस ५०.

एकाच वस्तीतून प्राणी आणले तर त्या वस्तीचे रक्त तेवढे उतरते. हजारो वर्षे वेगळ्या राहिलेल्या दोन बेटांवरचे प्राणी एकत्र आणले तर वैविध्य वाढते. म्हणून बर्नियर आणि डोर दोन्हींकडून प्राणी घेतले. घाई करण्याचे दुसरे कारण पाऊस. या बेटांवर दुष्काळ पडला की वॉलबींची संख्या कोसळते, पाऊस झाला की सावरते. एक मोठा वणवा किंवा जहाजातून उतरलेले एक मांजर एवढ्याने सारी जात संपू शकली असती. माला या तांबूस वॉलबीच्या मुख्य भूमीवरील अखेरच्या रानटी वस्त्यांचे नेमके असेच झाले. एक वस्ती १९८७ मध्ये कोल्ह्याने संपवली आणि दुसरी १९९१ मध्ये वणव्याने.

सोडून दिल्यावर खरे काम सुरू होते. आता कॅमेऱ्याला उलटा प्रश्न विचारायचा असतो. काल विचारत होतो की मांजर नाही ना? आज विचारायचे की वॉलबी आहे ना, आणि किती? रेडिओ-पट्टाही तोच, जो जुडास शेळीच्या गळ्यात होता. तेव्हा तो मारण्यासाठी वाट दाखवत होता, आता जगणे टिपतो आहे. पट्ट्याचा ‘टिक् टिक्’ संकेत ठरावीक लयीत येतो. प्राणी बराच वेळ हलला नाही की लय बदलते. बदललेली लय ऐकली की संशोधक वाळू तुडवत त्या जागी जातो. कधी पट्टा गळून पडलेला असतो, तर कधी मृत प्राणी असतो आणि मग मृत्यूचे कारण शोधायचे असते.

पट्टे सगळ्यांना घालता येत नाहीत आणि कायमचे ठेवताही येत नाहीत. मग कॅमेरे उरतात. पण चाळीस छायाचित्रे म्हणजे चाळीस वॉलबी की एकच वॉलबी चाळीस वेळा, हे चित्र सांगत नाही. जोडीला वाळूतील पावले आणि लेंड्या. लेंडीतील पेशींमधून डीएनए मिळतो आणि त्यावरून प्राण्याची जात कळते. अधूनमधून सापळे लावून प्राणी पकडायचे, वजन करायचे, मादीची पिशवी हळूच उघडून आत पिलू आहे का ते पाहायचे. एकच साधन पुरेसे नसते. प्रत्येकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची आणि वर्षानुवर्षे तेच, त्याच जागी, त्याच पद्धतीने करत राहायचे. पद्धत मध्येच बदलली तर गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलनाच करता येत नाही. अशा कामाला बातमीत जागा मिळत नाही. प्राणी सोडतानाच्या हेलिकॉप्टरच्या छायाचित्राला मिळते.

वॉलबी रुजल्या. दोन्ही जातींच्या माद्यांच्या पिशव्यांत पिले दिसू लागली. २०१९ पासून शार्क बे बँडिकूट आणि डिब्लर आले. २०२१ मध्ये शार्क बे उंदीर आला, जो शिशुधानी नसून अस्सल देशी उंदीर आहे. त्यानंतरही एकेक जात येत राहिली. सगळ्याच तितक्या सहज रुजत नाहीत. डिब्लरसारखा चिमुकला प्राणी तर दिसणेच कठीण, त्यामुळे त्याच्याबाबत शांततेचा अर्थ लावणे पुन्हा अवघड होते.

आता १६१६ या आकड्याकडे एकदा परत जाऊ. मला हा आकडा थोडा खटकतो. एका डच जहाजाने दोन दिवस नांगर टाकला, ती तारीख निसर्गाची मूळ अवस्था म्हणून का धरायची? मालगानांच्या पूर्वजांनी या प्रदेशाकडे कधी पाहिलेच नव्हते, असे त्यातून ध्वनित होते. दुसरीकडे, कुठलीतरी रेघ मारल्याशिवाय ‘परत’ या शब्दाला अर्थच येत नाही, आणि या बेटावर मांजर-मेंढी येण्यापूर्वीची लिहिलेली रेघ हीच आहे. शिवाय तिथे काम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे की १६१६ जसेच्या तसे येणार नाही. युरोपातून आलेला घरउंदीर बेटावर अजून आहे आणि परके गवतही आहे. कुठे थांबायचे हा निर्णय शास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे.

पुनरागमन करणाऱ्या प्रत्येक प्राण्याला सोडण्यापूर्वी त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवतात. सापळ्यात प्राणी आला की यंत्र त्याच्यावरून फिरवतात, क्रमांक उमटतो आणि वहीत जुनी ओळख सापडते. केव्हा आणले, कुठल्या बेटावरून आणले, तेव्हा वजन किती होते.

कधीतरी यंत्र फिरवूनही क्रमांक उमटत नाही. प्राणी पूर्ण वाढलेला असतो, पण चिप नसते. म्हणजे त्याला कोणी आणलेले नसते. तो याच बेटावर जन्मलेला असतो.